नागपूरचा पार्ट

ऐंशी सालच्या आसपास आर्वीत एसटी डेपोमागे एक मिस्त्री होता. आमची मोटार हळू वळवताना पुढचं चाक थरथरतं, अशी बाबांची तक्रार होती. त्यानं चपला काढून गाडी दोनदा वळवून पाहिली. काहीच थरथरलं नाही. मग बाबांना चालवायला सांगून तो मडगार्डवर तळवा ठेवून सोबत चालला. वळताना त्याची नजर चाकावरून बाबांच्या हातांवर गेली. थरथरत होते ते हात.

फडक्यानं बोटं पुसत तो म्हणाला, "चाकच हाय, काकाजी. नागपूरहून पार्ट येईपर्यंत ताईले चालवू द्या."

पुढे दर महिन्याला मीच बाबांना गाडीतून त्याच्याकडे न्यायची.

"नाई आला ना, काकाजी," तो अगदी खजील होऊन सांगायचा.

बाबा असेपर्यंत तो पार्ट काही आला नाही.