पोटाचं कार्ड

साताऱ्यातल्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं, आणि मी वडूजच्या एसटीत घर येईपर्यंत रडले.

तिसऱ्या खेपेला लेखी परीक्षेचे मार्क कसेबसे जमले होते. मी धरलेल्या मेडिकल कॉलेजात मार्कांवर मुलाखतही घेत; आता तेवढी राहिली होती. तिथं म्हणे खोटा पेशंट समोर बसवून बघतात, ही पोरगी माणसाशी बोलते कशी! ही सीट गेली तर माझ्या अंगात चौथी खेप नव्हती. मॅडम स्वतः निवृत्त डॉक्टर, या मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या. त्यांनी एका बाईंना पेशंट म्हणून आणि एका पोराला त्यांचा मुलगा म्हणून बसवलं. "यांना कॅन्सर आहे. सांग."

मी काय करावं? बाईंच्या त्या खोट्या मुलाला व्हरांड्यात नेलं आणि हळूच त्याला सांगितलं. वर बजावलं, "आईंना कळू देऊ नका."

"आजार कुणाला झालाय?" मॅडम कडाडल्या.

मलाही राग आला. आमच्याकडं असंच असतं! माझ्या चुलत्यांना शेवटपर्यंत 'वाताचा त्रास' होता. खरं काय ते त्यांच्याशिवाय सगळ्या गावाला ठाऊक. तोंडावर सांगणारा डॉक्टर आमच्यात कसाई. पण सीट पाहिजे होती ना? मग कसाई व्हायलाही मी तयार होते.

मॅडमनी सरावाला तीन कार्डं दिली, एकेका पेशंटचं एकेक. घरी पेशंट कुठून आणणार? आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मी बसतो की." फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्यांच्या पोटात अल्सर होता. महिन्याभरापूर्वी आई आणि मामा त्यांना सांगलीला दाखवून आले होते.

आण्णांनी चष्मा लावून तिन्ही कार्डं वाचली. फुप्फुसाचं खाली ठेवलं, रक्ताचं ठेवलं. पोटाचं घेतलं.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "काका, आजाराबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?"

"अल्सर म्हणत्यात."

काय बेमालूम नाटक करतायत, मला वाटलं. "तुमच्या तपासणीत पोटाचा कॅन्सर निघालाय."

मॅडमनी शिकवल्याप्रमाणं मी गप्प बसले. आण्णांनी चष्मा काढला.

"परत सांग. खाली बघू नगंस."

मी परत सांगितलं.

"असल्या माणसाचं वजन उतरतं?"

"हो काका."

"दोन घासांत पोट भरतं?"

"हो."

"मग किती दिवस?"

हे कार्डावर नव्हतं. मी पुस्तकात वाचलेलं सांगून टाकलं. पसरला असेल तर वर्षही कठीण.

आई स्वयंपाकघरातून तरातरा आली आणि कार्ड हिसकावून टराटरा फाडलं. "बंद करा ही थेरं! जळ्ळी मेली ती मुलाखत!"

मी केवढी ओरडले तिच्यावर! "तुला बघवत नाही का गं मी डॉक्टर झालेली?"

"आईवर वराडू नगंस," आण्णा म्हणाले. "उद्या परत करू." पुढचे आठ दिवस ते रोज बसले आणि रोज मी त्यांना तेच सांगितलं.

माझी निवड झाली. तोवर आण्णांना सांगलीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी पेढे घेऊन तिकडंच पळाले. खोलीच्या दारातच आईनं माझा हात धरला आणि मला व्हरांड्यात नेलं. तिथं तिनं सांगितलं. सगळं, पहिल्या दिवसापासूनचं. "त्यास्नी यातलं काय बी म्हाईत न्हाई," ती पदरात तोंड खुपसून म्हणाली. "सांगू नगंस."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आत गेले. स्टूल ओढलं. घोटून घोटून पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून येईना.

आण्णांनी पेढा घेतला, नुसताच हातात धरला. दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"रडू नगंस. मला तू सांगितलंयस की, आन् लय चांगलं सांगितलंस. मला ठावं हाय ते तुझ्या आईला म्हाईत न्हाई. तिला सांगू नगंस."