दोऱ्याने मोजलेलं टोरांटो

मुलुंड ते टोरांटो हे अंतर एक वीत आणि दोन बोटं आहे. मी स्वतः मोजलंय.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण नलू लग्नानंतर नवऱ्याकडे टोरांटोला निघाली. पहाटे तिला विमानतळावर सोडून आम्ही घरी आलो. माझ्या बायकोने, सुमनने, केरसुणी हातात घेतली मात्र, आई कडाडली, "ठेव ती! पोर पोचल्याशिवाय या घरातून केर निघणार नाही. आणि मी जेवणारही नाही!"

जाणाऱ्याच्या पाठीवर केर काढू नये, हा आमच्याकडचा नियम. आजवर माणसं फार तर रत्नागिरीपर्यंत जात, म्हणून निभावलं होतं! आता घरभर सुतळ्या, शेंगांची टरफलं आणि बॅग भरताना फुटलेल्या पुडीतलं मेतकूट.

"दत्तू, पोचेल कधी रे ती?"

"थांब, हिशोबच करतो!"

आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, मुलांच्या नकाशावर मुंबईपासून टोरांटोपर्यंत ताणला, प्रमाणपट्टीवर धरला. चौदा हजार किलोमीटर. विमानाच्या वेगाने भागलं आणि जाहीर केलं, "संध्याकाळी साडेसात!"

आईने विश्वास ठेवला. (इथेच चुकलं.)

साडेसातला आई तळमजल्यावर नाडकर्ण्यांच्या फोनसमोर जाऊन बसली. आठ वाजले, नऊ वाजले. नाडकर्णीवहिनींनी पोहे आणले. आईने बशी बाजूला सारली.

मी धीर दिला, "आई, तिकडचं घड्याळ मागे असतं. तिथे आत्ता सकाळ आहे."

"सकाळ? अरे, मग ती अजून निघालीच नाही की काय!"

तेव्हा सुमन हळूच म्हणाली, "अहो, नलूताईंना लंडनला उतरून दुसरं विमान पकडायचं होतं ना? मधे बरेच तास थांबायचं होतं."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोरा ताणून बसला होतात. विमान दोऱ्यावरून जात नाही, हे तुम्हाला कोण सांगणार!"

आई हसली नाही. माझी बाही धरून म्हणाली, "ते घड्याळ राहू दे. पोचेल ना रे ती?"

मी आकडेमोड सोडली. तिच्याजवळ बसलो आणि उशिरा तिला हाताला धरून वर घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडकर्ण्यांनी खालून हाक मारली, "आजी, फोन! टोरांटो!" आई अनवाणीच धावली.

"पोचलीस? जेवलीस का गं?"

"मी जेवले. तू जेवलीस का?"

एवढ्या लांबच्या महागड्या फोनवर दोघी हेच बोलल्या आणि मग नुसत्या रडल्या!

सुमनने एकदाचा केर काढला. त्यात माझा दोरा निघाला. "चांगला आहे, वाया कशाला घालवायचा?" म्हणत आईने तो सुईत ओवला आणि माझ्या सदऱ्याचं लोंबणारं बटण लावून टाकलं. मगच पानावर बसली.

सदरा विटला, पण ते बटण अजून पक्कं आहे. हिशोब तेवढा माझा, लंडनलाच तुटला!