धाकट्याचा कौन्सिलर

या शहरात जे लोक नीट गाडी चालवतात, ते माझ्या धाकट्या भावाच्या हाताखाली शिकलेत. बाकीचे दुसरीकडे शिकले, ते कळतंच. आणि धाकट्याला सायकल शिकवली मी, म्हणजे हिशेब कुठं येऊन थांबतो ते तुम्हीच बघा.

शिकवायच्या गाडीत मास्तराच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. धाकट्याची बायको आजारपणात गेली आणि तेव्हापासून त्याचा पाय त्या ब्रेकवरून हलेचना. पलीकडच्या फुटपाथवर कुत्रं दिसलं, मार ब्रेक. सिग्नल हिरवा झाला, मार ब्रेक. एक बाई वैतागून म्हणाल्या, "सर, मी अजून गाडी सुरूच नाही केली." पोरं त्याला ब्रेकसर म्हणायला लागली. शेवटी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं तोंडावर सांगितलं, "या महिन्यात पाय आवरला नाहीत, तर ऑफिसात बसा आणि पावत्या फाडा." धाकटा आणि पावत्या! माणूस झुरून मेला असता.

बायको गेली तेव्हा हा रडला नव्हता. मी केले तेवढे उपाय कुणी केले नसतील. रोज रात्री जेवायला बोलावलं, जोक सांगितले, माझ्या आयुष्यातले प्रसंग सांगितले. माझी बायको म्हणाली, "अहो, भावजींना पण बोलू द्या जरा."

"मी कुठं अडवलंय?" मी म्हणालो. "गप्प तोच बसतो."

मग एक दिवस बघतो तर गडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला.

"कुठं रे?"

"कौन्सिलरकडे."

"कशाला?"

"बोलायला. दर बुधवारी तासभर बोलावलंय."

मी पुढं काही विचारलं नाही. आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, निवडून आल्यापासून ज्याचा चेहरा कुणाला दिसला नाही, तो माझ्या भावाला तासभर देतो! छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. खोटं नाही, बायकोनं लावून दिलं.

माझं हार्डवेअरचं दुकान. गिऱ्हाईक खिळे मागो की कडी, बातमी फुकट मिळायची. चष्म्यांचे दुकानवाले म्हणाले, "आम्हाला तर दारातूनच हाकलतात हो."

"माणूस बघून आत घेतात," मी म्हणालो.

मग गल्लीला कंठ फुटला. लाँड्रीवाल्याच्या नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या काकूंच्या दारासमोरचा दिवा बंद होता. म्हटलं, कशाला निरोप, समक्षच चला. पुढच्या बुधवारी आम्ही तिघं धाकट्याच्या मागोमाग निघालो. एका दुमजली घरात तो शिरला. दारावर पाटी होती, 'समुपदेशन केंद्र'.

"हे काय असतं?" काकूंनी विचारलं.

"उपदेश करण्यात हे लोक पटाईतच असतात," मी म्हणालो.

आत चार खुर्च्या, एक पंखा, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. लाँड्रीवाल्यानं डबा उचलून बघितला. "कौन्सिलरकडे हे कशाला?"

"लोक रडत रडत येतात ना तक्रारी घेऊन."

बराच वेळ बसलो. मग आतलं दार उघडलं. एक चष्मेवाल्या मॅडम, आणि त्यांच्या मागं आमचा धाकटा. डोळे लालभडक.

मी उठलोच. "नमस्कार मॅडम, मी याचा मोठा भाऊ. साहेब आहेत का?"

"कुठले साहेब?"

लाँड्रीवाल्याला दम कुठला! "पाणी येत नाही हो, मॅडम. नळाला."

मॅडम गोंधळल्या. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. "दादा," तो म्हणाला, "इथं नळाला नाही, डोळ्याला पाणी येतं. मनातलं बोलायच्या कौन्सिलर आहेत या. तू काय गल्लीभर सांगितलंस?"

लाँड्रीवाल्यानं डबा हळूच खाली ठेवला.

"झालं आता," धाकटा म्हणाला. "उद्या पोरं वेडासर म्हणतील. मॅडम, मी नाही येत पुढच्या वेळेपासून."

तो दाराकडे निघाला, तेवढ्यात काकू खुर्चीतून उठल्या. "मॅडम, तुम्ही फक्त ड्रायव्हरांनाच घेता का? माझा मुलगा परदेशात गेल्यापासून मला झोप नाही. दिव्याचं काय, अंधारात मी जागीच असते. मला बुधवार चालेल."

"बुधवारी?" धाकटा दारातून वळला. "काकू, बुधवार माझा आहे. तुम्ही दुसरा वार बघा."

"मग आत्ता नाही येत म्हणाला तो कोण होता?"

धाकटा हसला. नाक वाहत होतं, तरी हसला. मॅडमनी काकूंना शुक्रवार दिला.

तो बुधवार काही त्यानं सोडला नाही. पाय अजून ब्रेकवर जातो, पण उगाच दाबत नाही. एका पोरानं परवा गाडी कुंडीला घासली, तरी हा शांत. मालक खूश, पावत्यांना दुसरा माणूस ठेवला. बुधवारी लवकर का जाता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. धाकटा म्हणाला, "बायको गेल्याचं दुःख आहे. ते बोलायला जातो." सरळ, न अडखळता. आमचे वडील असं कधी बोलले नाहीत, आजोबा नाहीत, आणि मीही नाही. बोलला कोण? माझा भाऊ.