पितळी इंजिन आणि सुटलेली मोटर

चहा घ्या, आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या. कारण मी घातलेला घोळ सांगताना कुणी मधे थांबवलं, की मी बसल्या जागेवरून दुसऱ्याच गावाला निघून जातो. माझी ही जुनीच खोड. शरीर इथं, मन कुठंतरी लांब.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर राहायला गेले भोकरदनला, जिथं रेल्वेच न्हाई. त्यांच्याकडं एक जुनं पितळी इंजिन हाय. वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल, वीतभर लांब. बदली होऊन जाताना एका साहेबानं त्यांना दिल्तं. वाफ नुसती नावाला, पोटात विजेवर चालणारी सुपारीएवढी मोटर. ती मोटर जळाली आणि इंजिन काचेच्या कपाटात जाऊन बसलं.

मागच्या दिवाळीत अण्णांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाले, "जावईबापू, एकदा चालताना बघायचंय."

असं म्हणल्यावर कोण न्हाई म्हणंल? मी ते जालन्याला घेऊन आलो, नवी मोटर कुरिअरनं मागवली आणि अण्णांना निरोप धाडला, रविवारी संध्याकाळी या.

रविवारी सकाळीच बायको, सुनंदा, तिच्या मावशीकडं मंठ्याला गेली. घर एकदम शांत. मी आतल्या खोलीत टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, त्यावर इंजिन ठेवलं आणि बारका पेचकस हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला. जाफराबादहून माझा मेव्हणा, संतोष. शेतकरी माणूस.

"दाजी, अण्णा म्हणले तुम्ही मोटर बदलून राह्यले?"

"हो ना. जुनी जळाली."

"एकटेच?"

"त्याला काय माणसं लागतात? पण तू आलास तर बरंच होईल. धरायला कुणीतरी पाहिजे."

"मंग येतो. निघालोच."

बघा, यात मी काय चुकीचं बोललो? पण आपल्याकडं मोटर म्हणलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढं एकच मोटर येते, पाण्याची. आणि आमच्या अंगणात बोअर हाय.

फोन ठेवला आणि मी पुन्हा इंजिनात शिरलो. बॉयलर अलगद उचलला. आत इवलीइवली चाकं, इवले दांडे, सगळ्यावर जुन्या तेलाचा वास. खिडकीतून ऊन आलं आणि पितळ असं काही उजळलं की मी पेचकस हातात धरून तसाच बसून राह्यलो. कापसाच्या पांढऱ्या रानातून गाडी चाललीय. जाफराबादला रूळ गेलेच न्हाईत, पण माझी गाडी चाललीय. डब्यातून बाया हात हलवून राह्यल्यात. प्लॅटफॉर्मवर अण्णा उभे, पांढऱ्या ड्रेसमधे, तरणेताठे.

दारातून आवाज आला, "दाजी, काढू का?"

संतोष आल्ता. मी इंजिन समोर घेऊन बसलेलो, त्याच्या हातात मोबाईल. मला वाटलं, फोटो काढू का म्हणतोय.

"काढ की," मी म्हणालो. "पण जपून. हलवू नको." आणि शर्टाची कॉलर नीट केली.

तो गेला. फोटो काढायचा सोडून हा कुठं गेला, एवढा साधा प्रश्न मला पडायला पाहिजे होता का न्हाई? न्हाई पडला. बाहेर लोखंडाचा खणखणाट सुरू झाला. माझ्या स्वप्नात तो डबे जोडल्याचा आवाज होता. मंग माणसांचा गलबला. मला वाटलं, मोठं स्टेशन आलं. मंग एकदम सगळे ओरडले, "सुटली, सुटली!"

आणि मी, तुमच्या गळ्याची शप्पथ, मनातल्या मनात म्हणालो, वा, वेळेवर सुटली.

थोड्या वेळानं संतोष आत आला. अंगभर चिखल, तोंड पडलेलं. मागं त्याच्या गावचे दोघंजण.

"दाजी, माफ करा. पाईपावरचा क्लॅम्प निसटला, दोरही तुटला. मोटर खाली गेली बोअरमधे."

"कुठली मोटर?"

"तुमचीच. जळालेलीच व्हती म्हणा, जाऊ द्या. नवी कुठं हाय?"

मी तळहात पुढं केला. त्यावर सुपारीएवढी नवी मोटर.

संतोषनं ती दोन बोटांत उचलून उजेडात धरली. मंग हळूच म्हणाला, "दाजी, ही बोअरला पुरंल का?"

जळालेली कुठली, सकाळीच मी तिच्या पाण्यानं आंघोळ केल्ती. खरं काय ते सांगितल्यावर संतोष बिचारा खाली बसला. मंग त्यानंच इंजिन धरलं आणि मी मोटर बसवली, कारण धरायला कुणीतरी पाहिजेच होतं. शेजारच्या कुलकर्णीकाकू भल्या. त्यांनी कंपाउंडवरून त्यांच्या नळाचा पाईप आमच्या टाकीत सोडला. म्हणाल्या, "तुमची मोटर बसेपर्यंत राहू दे."

दुपारी सुनंदा आली. सगळं ऐकलं. तुमचं लग्न झालेलं असंल तर पुढचं सांगायला नको.

संध्याकाळी अण्णा आले. मी इंजिनाबरोबर आलेले रूळ गोल मांडले, बटण दाबलं. इंजिन क्षणभर थरथरलं आणि निघालं. काय सांगू, पाण्यावरून बदक जावं तसं. अण्णा खुर्चीत पुढं सरकले, त्यांचा हात आपोआप वर गेला, जणू त्यात हिरवा झेंडाच हाय. सुनंदासुद्धा दारात येऊन उभी राह्यली. गाडी फिरत राह्यली आणि मी तिच्यात बसून कुठल्या कुठं गेलो.

अण्णांना रिक्षात बसवून परत येत होतो. कुलकर्णीकाकू फाटकात उभ्या होत्या.

"काय हो, बसली का मोटर?"

"बसली, काकू. इतकी सुंदर पळून राह्यली, बघत राहावं."

"बरं झालं बाई," म्हणत त्यांनी नळ बंद केला आणि पाईप ओढायला लागल्या. म्हाताऱ्या बाईला एकटीला कसं जमणार? मीच पुढं होऊन तो नीट गुंडाळला आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला.