अनसूयाबाईंचं गोंदण आणि जपानचा गरम हौद

ये वं बाई, अशी जवळ सरक. आणि आधी ते हसणं थांबव. तुझी ही मावशी नागपूरच्या लोकांना बर्फात घसरायला नेते आणि वरून आंघोळ घालून आणते, यावर हसून झालं असेल तर ऐक. दुरून नुसतं हसायचं आणि कधी येऊन विचारायचं नाही, हे काही बरोबर नाही तुझं.

तर मी उभी आहे जपानमधल्या एका डोंगरातल्या हॉटेलात, बायकांच्या स्नानघराच्या दाराशी. बाहेर कमरेएवढा बर्फ. बाजूला अनसूयाबाई, नरखेडकडच्या, घरी संत्र्याचा बगिचा, वय सत्तरीचं. हातात टॉवेल. समोर हॉटेलची मालकीण तिसऱ्यांदा वाकून माफी मागते आहे. माफी मागते, पण दारातून हलत नाही.

मी सीताबर्डीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. कोर्स वगैरे काही केला नाही. तिकिटं टाइप करायला लागले होते, करता करता शिकले. ही टूर म्हणजे दिवसा स्की आणि संध्याकाळी ओन्सेन. स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरायचं. आमची मंडळी बहुतेक बसूनच घसरतात. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचा हौद. दिवसभर पडून अंग ठेचलं की त्यात बसायचं. नियम कडक. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं, मगच उतरायचं. बायकांचा हौद वेगळा, पुरुषांचा वेगळा. आणि अंगावर एकही कपडा चालत नाही.

निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये हे शेवटचं सांगितलं की सगळ्या बायका पदर सावरायला लागतात. म्हणून मी त्यांना प्रायव्हेट बाथ बुक करून देते. छोटी खोली, छोटा हौद, आतून कडी, पाऊण तास तुमचा. त्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी तो घेतला. बँकेतून रिटायर झालेल्या पाठक मॅडमनी तर तीनदा कन्फर्मेशन मागितलं. एकट्या अनसूयाबाई नको म्हणाल्या. "आमी साऱ्या बाया नाल्यावर संगंच न्हायलो. मले कायची लाज?"

त्यांना स्कीशी काही घेणंदेणं नव्हतं. बर्फ तर फ्रिजमध्येही असतो, म्हणायच्या. घसरायचं होतं ते बुटीबोरीत इंजिनिअर असलेल्या मुलाला आणि सुनेला. आईचे गुडघे फार दुखायचे. मुलानं गरम पाण्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्या विमानात बसायला तयार झाल्या. आणि त्या हॉटेलात आमचा मुक्काम एकच रात्र. पुढे सगळी शहरं, तिथे ओन्सेन नाही.

नागपूरपासून त्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरात होत्या. दाराशी स्वेटर काढला आणि मालकिणीला हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. टॅटूवर फुली. तिकडे गुंडांच्या टोळ्या अंगभर टॅटू काढायच्या, म्हणून पुष्कळ सार्वजनिक हौदांत टॅटूवाल्यांना घेत नाहीत. हे मला पाठ होतं. फॉर्मवर तो प्रश्नही होता. अकरा जणांचे फॉर्म मीच भरले आणि अकराही ठिकाणी 'नाही' लिहिलं. टॅटू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जिममधली पोरं आली. गोंदण आलंच नाही. माझ्या स्वतःच्या आईच्या हातांवर होतं, तरी.

अनसूयाबाईंना वाटलं, आपल्याला अस्वच्छ समजताहेत. हळूच म्हणाल्या, "तिले सांग वं, मी साबण लावूनच उतरीन पाण्यात."

मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. नागपुरात दुपार होती. ते म्हणाले, टॅटू झाकायचे स्टिकर लावा. बॅगेत चार होते. दोन स्टिकरांत अर्धी तुळस झाकली. त्यात ते तिकडच्या गोऱ्या कातडीच्या रंगाचे. "हे तं जास्तच दिसून राह्यलं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"मग खोलीतल्या टबमध्ये गरम पाणी भरून द्या," साहेब म्हणाले. "त्यांना काय कळतं?"

"कळतं, साहेब," म्हटलं आणि फोन ठेवला.

उपाय एकच, प्रायव्हेट बाथ. तिथे दुसरं कोणी नसतं, म्हणून गोंदण चालतं. पण सगळ्या वेळा माझ्याच ग्रुपनं भरलेल्या. जिला लाज नव्हती तिलाच बंद खोली हवी होती, आणि बंद खोल्या मी लाजणाऱ्यांना वाटून बसले होते. पुढचा नंबर पाठक मॅडमचा.

मॅडम हॉटेलचा सुती झगा घालून तयारच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, आणि त्यांची वेळ मागितली.

"म्हणजे चूक तुमची आणि कपडे मी काढायचे, सगळ्यांसमोर?"

"हो, मॅडम."

त्या उठून कॉरिडॉरमध्ये आल्या. अनसूयाबाई बाकावर बसून नखानं स्टिकर सोलत होत्या. मॅडमनी ते पाहिलं. मग आपल्या प्रायव्हेट बाथची चावी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, "आत चष्मा चालतो का?"

"वाफेनं काही दिसणार नाही, मॅडम."

"मग काढूनच जाते. मला कोणी दिसलं नाही म्हणजे झालं."

सून हात धरून अनसूयाबाईंना आत घेऊन गेली. पाऊण तासानं बाहेर आल्या त्या भिंतीला हात न लावता. "बाई, गुडघे हायेत का नाही, समजूनच नाही राह्यलं," म्हणाल्या. पाठक मॅडम तासभरानं आल्या, लालबुंद. दुसऱ्या दिवशी नाश्त्याआधी त्या पुन्हा मोठ्या हौदावर. सोबत ग्रुपमधल्या आणखी दोघी, आणि मॅडम त्यांना स्टुलाचा नियम शिकवताहेत.

अनसूयाबाईंचे गुडघे नागपूरला उतरेपर्यंत पुन्हा कुरकुरायला लागले. खोटं कशाला सांगू? पण ती एक संध्याकाळ त्यांना मिळाली. मी एवढंच शिकले की फॉर्मवर विचारून काही कळत नाही. आता मीटिंगमध्ये मी सरळ सांगते, बाह्या वर करा. साहेबांनाही करायला लावल्या होत्या.

टूरला नाही आलीस तरी चालेल, पण घरी ये. रविवारी मी घरीच असते. आईलाही घेऊन ये, चहा टाकते. नुसतं येते-येते म्हणू नको वं, लवकर ये.