सलीमचा झिरोचा बल्ब

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीच्याच गाडीची वाट पाहत उभा होतो. पिशवीत त्याच्यासाठी घेतलेली मोसंबी होती. गाडी लागली, मी चढलो, खिडकीशी बसलो... मूर्तिजापूर येईपर्यंत नीट रडताही आलं नाही.

आम्ही दोघांनी अमरावतीच्या एकाच तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवलं. निवृत्तीनंतर मी अकोल्याला परतलो. तो तिथंच राहिला आणि घराच्या मागच्या खोलीत पोरांच्या शिकवण्या घेऊ लागला. त्या खोलीत त्याचा लाकडी बोर्ड होता, त्यावर एक कॉइल आणि एक बल्ब. कॉइलमध्ये लोखंडी कांब सरकवली की बल्ब मंद व्हायचा. मग तो त्यांच्या जोडीला कॅपॅसिटर घालायचा आणि कांब आत असूनही बल्ब पुन्हा उजळायचा. "एक करंटले मांगं ओढते, दुसरा पुढं काढते," तो पोरांना सांगायचा. "दोघं बराबर जुळले का भांडण मिटलं. आमच्या घरी मांगं राह्यनारा मीच आहो." आतून त्याच्या बायकोचा, नसीमभाभींचा आवाज यायचा, "खोटं सांगून राह्यले हे." पोरं हसायची, आणि तो सगळ्यांत जास्त.

बोर्ड बंद केल्यावरही कॅपॅसिटरला तो कुणाला हात लावू देत नसे. आधी झिरोच्या बल्बच्या दोन वायरी त्याला टेकवायचा, बल्ब क्षणभर लुकलुकला की म्हणायचा, "आता लाव हात." एसीत व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं. बटण बंद होताना ते जिथं असेल, तेवढं कॅपॅसिटरमध्ये अडकून राहतं. कधी पुरतं भरलेलं, कधी काहीच नाही. "तुह्यासारखा घुमा आहे हा," तो मला म्हणायचा, "वरून काई समजत नाई." असं चिडवणारं आता कुणी उरलं नाही, आणि ते मला फार जड जातं.

चाळिसाव्या दिवसाची फातेहा पढून झाली, माणसं पांगली, तेव्हा भाभी मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. बोर्ड टेबलावर तसाच होता.

"खोली मोकळी कर म्हनते पोरगा. पन याले मी कोनाले हात नाई लावू देला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हे छाती धरून खाली बसले, तवा हा चालूच होता. बटन मी बंद केलं, भाऊ..." त्यांनी कॅपॅसिटरकडे बोट दाखवलं. "त्या वक्ताचं काई असन का यात?"

इतक्या दिवसांत ते झिरपून गेलं असणार, हे मला ठाऊक होतं. सांगवेना. खिळ्याला टांगलेला झिरोचा बल्ब मी काढला आणि त्याच्या वायरी कॅपॅसिटरला टेकवल्या.

बल्ब लागला नाही.

"पुन्हा लावा," भाभी म्हणाल्या.

रिकामा कॅपॅसिटर दुसऱ्यांदाही काही देत नाही, हे मी जन्मभर शिकवत आलो. मी वायरी पुन्हा टेकवल्या.