वरणाचा गंज आणि हेगचं कोर्ट

दुर्गेशचा हात लागला आणि वरणाचा अख्खा गंज खानावळीच्या फरशीवर लवंडला. लॉ कॉलेजात शिकवताना हात फिरवायची त्याची सवय. तिथे फार तर डस्टर पडतं. इथे वाडीतल्या ट्रकवाल्यांचं दुपारचं जेवण मोरीत गेलं.

"रिकामा झालाच हाय तं आता त्याच्यानंच समजावून सांग," पोतेरं पिळत खानावळवाल्या प्रयागबाई म्हणाल्या.

समजावून सांगायचं होतं हेगचं कोर्ट, जिथे लढाईतल्या गुन्ह्यांचे खटले चालतात. प्रयागबाईंचा मुलगा पिंटू याच वाडीतून ट्रक हाकायचा. पगार बरा म्हणून परदेशी गेला आणि तिथल्या लढाईत, उपाशी लोकांसाठी धान्य नेताना, बॉम्बखाली सापडला. गाडीवर मदतीची खूण हातभर रंगवलेली होती. तेव्हापासून बाईंचा एकच प्रश्न: बॉम्ब टाकनाऱ्याले कोन पकडीन? दुर्गेशने आपण होऊन हेगला अर्ज धाडला, आणि त्या दिवसापासून त्याच्या पोळीवर तूप पडू लागलं.

त्याने गंज पालथा घातला. "हा फिर्यादीचा मोठा वकील. अख्ख्या जगाचा." शेजारी दोन गडवे आले. "हे त्याच्या हाताखालचे." मग ताटं मांडली. "हे तपास करणारे, हे कोर्टात भांडणारे, हे साक्षीदारांना जपणारे."

"लय मोठा संसार हाय गा! आन माहा पिंटू कोनत्या ताटात?"

दुर्गेशने मिठाची वाटी पुढे सरकवली. "आलेले अर्ज आधी इथं येतात. मामला कोर्टाच्या हद्दीत बसते का, ते पाहून राहिले."

"पोरगं मेलं, आन हे हद्द पाहून राहिले?" बाईंनी वाटी नीट गंजाला टेकवली. "बरं, बसला हद्दीत. मंग पोलीस कोनतं ताट?"

दुर्गेशने एक चमचा उचलला. परत ठेवला. "पोलीस नाहीत, मावशी. वॉरंट निघालं की ज्या त्या देशानं पकडून द्यायचं."

"म्हंजे ज्यानं बॉम्ब टाकला, त्याच्याच पोलिसानं?"

"बहुतेक वेळा... हो."

वरण सांडलं तेव्हा बाई चिडल्या नव्हत्या. आता त्या हसल्या, आणि दुर्गेशला वाटलं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण हेगचं कार्यालय भक्कम आहे, मावशी," तो घाईघाईने म्हणाला. "एवढी माणसं बसलीत, काही ना काही होईलच की. तुम्हाला नाही वाटत?"

प्रयागबाईंनी पालथा गंज सरळ केला.

"भांडे लय हायेत, मास्तर, वरन कुठी हाय?"